कमरेचा पट्टा कुणी सोडला?

१

व्हॅनखाली सापडलेल्या माणसाचं पोट उघडलं आणि सर्जनबाईंच्या नाकात जो वास शिरला, तो त्या पोटात असायला नको होता.

माणूस जेमतेम तासाभरापूर्वी आलेला. चौकात सायकलवर होता, व्हॅननं उडवलं, असं सगळे एका सुरात सांगत होते. धंद्यानं सुतार, अंगानं दणकट. डाव्या कुशीत, कमरेच्या हाडाच्या जरा वर, मुठीपेक्षा मोठी गाठ फुगलेली आणि तिच्यावरची कातडी अगदी शाबूत. पोटाच्या भिंतीला असा मार क्वचितच बसतो. कातडी ताणली जाते आणि वाचते, आतले स्नायू मात्र जुन्या चादरीसारखे टरकतात, आणि त्या भोकातून आतडं कातडीखाली येऊन बसतं. मार लागून झालेला हर्निया. बाईंनी आख्ख्या नोकरीत असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले होते.

टेबलावर घेण्याआधी त्यांनी त्याला रीतसर विचारलं होतं, "ही गाठ कधीची?"

त्यानं दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. "आत्ताची. व्हॅनची."

आणि आता हे. ताज्या माराची जखम बाईंना चांगली ठाऊक होती. स्नायूंच्या कडा चिंध्या झालेल्या, रक्तानं भिजलेल्या, आणि आतडं कशातही गुंडाळलेलं नाही, नुसतं बाहेर सांडलेलं. इथं कडा गोल होत्या, पांढऱ्या, हाताला राठ लागणाऱ्या. आतड्याभोवती गुळगुळीत पिशवी तयार झालेली. अशी पिशवी एका दुपारीत होत नसते, तिला आठवडे लागतात. आणि पिशवीच्या तोंडाशी आवळलं गेलेलं आतड्याचं वेटोळं काळं ठिक्कर पडलं होतं.

"अंगाई," बाई म्हणाल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आख्खं हॉस्पिटल अंगाईच म्हणायचं. "धडक कधी बसली म्हणालात?"

"तासाभरापूर्वी. फार तर दीड. का हो?"

"आतडं काळं पडायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो."

अंगाईंनी मॉनिटरवरची नजर काढली. "म्हणजे?"

"म्हणजे हा माणूस व्हॅनच्या पुढं यायच्या आधीच मरायला लागला होता."

२

बाईंनी जे करता येईल ते केलं. मेलेला भाग काढला, दोन चांगली टोकं जोडली. भोक बुजवणं मात्र जमेना. अशा ठिकाणी जाळी बसवतात, खालची कड हाडालाच भोकं पाडून टाचतात. पण सडलेल्या पोटात जाळी घालणं म्हणजे घाणीला घर बांधून देणं. स्नायू ओढून पाहिले, तर ते इतके आखडलेले की एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. जमेल तेवढं शिवलं, बाकीचं पुढं बघू म्हणून ठेवलं. पुढं काही आलंच नाही. विष अंगात भिनलेलं होतं. चौथ्या दिवशी माणूस गेला.

तिरडी उठते न उठते तोच इन्स्पेक्टर केबिनमध्ये हजर. "मॅडम, एक ओळ हवी. धडकेनं हर्निया झाला आणि त्यानं माणूस मेला. खाली सही. आमची फाईल बंद."

"आणि व्हॅनवाला?"

"तो जातो आत. कितीतरी वर्षं."

"हर्निया धडकेचा नव्हता."

इन्स्पेक्टरनं असं पाहिलं, जणू बाईंनी त्याच्या ताटातलं उचललं. "चौकात वीस माणसं होती, मॅडम."

"पोटात मी एकटीच होते," बाई म्हणाल्या.

आता सांगायला हवं की सर्जनबाईंच्या जिभेचा हॉस्पिटलात वचक होता आणि पाठीमागं त्यांना चाकूबाई म्हणत. त्यांना माणसांचा फार कळवळा होता अशातला भाग नाही. पण आपण डोळ्यांनी पाहिलेलं दुसऱ्यानं खोटं पाडलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या तडक हाडांच्या वॉर्डात गेल्या.

व्हॅनवाला तिथंच होता. एक हात प्लास्टरमध्ये, दुसरा बेडीनं कॉटला. हात चौकातल्या लोकांनी मोडला होता. एक डोळा अजून उघडत नव्हता.

"मॅडम, मी हळू होतो," तो म्हणाला. किती जणांना हेच सांगून झालं असेल कोण जाणे, आवाजात जीवच उरला नव्हता. "त्यानं हँडल सोडलं. दोन्ही हातांनी पोट धरलं आणि सायकलसकट माझ्यापुढं कलंडला. मी ब्रेक मारला. माझी गाडी त्याला लागलीच नाही. गाडीवर ओरखडा दाखवा म्हणावं."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"सांगितलं की. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. काल बायको भेटायला आली. तीपण विचारते, फोनवर बोलत होतास का रे? आता घरचंच माणूस असं म्हणायला लागलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

या माणसाला सोडवू शकेल अशी एकच गोष्ट जगात होती, आणि ती बाईंनी स्वतःच्या हातानं कापून बादलीत टाकली होती. तुकडा तपासणीला गेला होता खरा, पण तुकड्याला तोंड नसतं.

अंगाई चहा पीत बसले होते. बाईंनी विचारलं, "भूल द्यायच्या आधी तुम्ही काय विचारलंत त्याला?"

"नेहमीचंच. शेवटचं कधी खाल्लंत? पोट भरलेलं असलं की भूल देताना माणूस गुदमरतो, म्हणून मी पहिलं तेच विचारतो." अंगाईंनी कप खाली ठेवला. "अरेच्चा. तो म्हणाला, सकाळपासून पोटात काही ठरतच नाहीये, सारखं उलटतंय."

"सकाळपासून. आणि धडक दुपारी."

"मी म्हटलं, बरंच झालं, पोट रिकामं आहे. तेवढंच डोक्यात होतं." त्यांचा चेहरा पडला.

मोठ्या सिस्टर तिथंच पट्ट्या रचत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, कमरेचंही बघा. मी पोट पुसलं तेव्हा कमरेभोवती कातडीवर रुंद काळपट घट्टा होता. रोजच्या रोज पट्टा आवळून बांधला की पडतो तसा. पण कपड्यांच्या पिशवीत पट्टा नव्हता. पँट होती, सदरा होता, रुमालसुद्धा होता."

बाई उठल्याच. हर्नियाचा पट्टा, आणि आजारी माणसाच्या अंगावरून तो कुणीतरी काढून लपवला होता. ज्यानं काढला, त्याला दुखणं जुनं आहे हे माहीत होतं, आणि तरी तो व्हॅनवाल्याला तुरुंगात जाताना बघत बसला होता.

३

मेलेला सुतार थोरल्या भावाच्या कारखान्यात काम करायचा. दारं-खिडक्यांच्या चौकटी बनवायचा मोठा कारखाना. दार उघडलं की भुसा आधी स्वागताला येई. थोरला टेबलामागून उठला, खुर्ची पुसून दिली, आणि बाईंनी विषय काढताच तोंड आंबट केलं.

"माझ्या भावाला काही दुखणं नव्हतं. व्हॅन आली आणि घेऊन गेली. तुम्ही आता काय उकरून काढताय?"

"त्याच्या कुशीत कधी मार लागला होता?"

"कधीच नाही. माझ्या कारखान्यात मार लागत नाही कुणाला."

बाई गोल करवतीपाशी गेल्या. जमिनीवर, टेबलावर, मोटरवर, खिडकीच्या गजांवर सगळीकडे भुशाचा थर. पात्यावर मात्र एक लोखंडी झाकण होतं, लखलखीत. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छच राहिलं.

"हे झाकण कधी बसवलंत?"

"पहिल्यापासून आहे."

"पहिल्यापासून आहे आणि कारखान्यातला भुसा एवढ्या जागेला चुकवून पडतो? बोल्टाला अजून दुकानातलं ग्रीस आहे. मी पोटं फाडते, पण मला डोळे आहेत हो."

थोरल्यानं कामगारांकडे पाहिलं. सगळे हातातल्या लाकडाकडे बघायला लागले.

"बाहेर चला," तो म्हणाला.

बाहेर लाकडांच्या ढिगाआड त्यानं सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. झाकणाखालून जाड लाकूड जात नाही, म्हणून ते काढून ठेवायची पद्धत. सगळेच काढतात. जुनं असंच हरवलं, हे नवं भाऊ गेल्यावर आणून बसवलं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी पात्यानं फळी पकडली आणि उलटी फेकली. टोक बरोबर धाकट्याच्या डाव्या कुशीत. "पडला, उठला, हसलासुद्धा. जागा निळी पडली होती, बस. रक्ताचा थेंब नाही. मी म्हटलं, वाचलास. कातडी फाटली नाही म्हणजे काय झालं असणार?"

बाईंनी डोळे मिटले. हीच ती चूक. कातडी धड असली की बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. त्याच दिवशी आला असता तर फाटलेले स्नायू ताजे होते, सहज जुळले असते. चार दिवस राहून चालत घरी गेला असता.

"आणि हे पोलिसांना सांगितलं नाहीत."

"झाकण नव्हतं हे कळलं तर कारखान्याला टाळं लागेल. एवढी माणसं पोसतो मी."

"आणि तो व्हॅनवाला?"

"व्हॅनवाला माझा कोण लागतो?" थोरला म्हणाला. तो हे रागानंही बोलला नाही. साधं विचारल्यासारखं विचारलं त्यानं, आणि बाईंना त्याचीच जास्त चीड आली.

"पट्टा कुठं टाकलात?"

"कसला पट्टा?"

"हर्नियाचा. हॉस्पिटलात आणताना अंगावरून काढलात तो."

थोरल्याचा चेहरा कोरा झाला. इतका वेळ खोटं बोलणारं ते तोंड पहिल्यांदाच खरं दिसलं. "हर्निया होता त्याला? मला ठाऊक नाही, आईशप्पथ. आणि मी कधी काढणार पट्टा? मला कारखान्यात फोन आला. मी पोचलो तेव्हा तो तुमच्या टेबलावर होता. तुमच्या त्या जाड्या सिस्टरनं मला दारातच अडवलं. विचारा तिला."

बाईंनी तिथूनच फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, खरं आहे. तो आला तेव्हा कपडे आधीच पिशवीत होते.

"मग त्याला इथं आणताना गाडीत बरोबर कोण होतं?" बाईंनी विचारलं.

सिस्टरनी सांगितलं, आणि बाई फोन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

४

पट्टा लपवलेला नव्हताच. धाकट्याच्या घरामागच्या दोरीवर तो धुऊन वाळत घातला होता. रुंद कॅनव्हासचा, आणि डाव्या बाजूला हातानं शिवलेली जाड गादी. इतके बारीक टाके बाईंनासुद्धा जमले नसते.

"मीच शिवली," सुताराची बायको म्हणाली. "बाजारातल्या पट्ट्याला नसते. गाठ बरोबर तिथंच यायची ना." तिनं बाईंना बसायला दिलं, पाणी दिलं. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते.

"गाडीत तुम्हीच काढलात?"

"त्यांनीच सांगितलं, सोड म्हणून. मला शपथ घातली होती, थोरल्या भावजींना कळता कामा नये. गाठ आहे कळलं की ते यंत्रावरून उठवतील, झाडू हातात देतील. यांना तर यंत्राशिवाय दुसरं काही सुचायचं नाही हो. म्हणून मी माझ्या पिशवीत घातला आणि घरी आणला. हॉस्पिटलात विचारलं असतं तर काय सांगणार होते?"

"आणि व्हॅनवाला तुरुंगात जातोय, हे कळलं नाही?"

"त्यानं उडवलंच ना पण त्यांना?" तिनं खरोखर गोंधळून विचारलं. "सगळेच म्हणाले."

बाईंना इतका वेळ तोंडाशी धरून ठेवलेलं भांडण गिळावं लागलं. या बाईच्या मनात पाप नव्हतंच. व्हॅननंच नवरा मारला असं तीही धरून चालली होती.

"पट्टा रोज कसा बांधायचात, ते सांगा."

"ते उताणे झोपायचे. मी गाठीवर तळवा ठेवून हळूहळू दाबायचे. मग आत गुडगुड व्हायची आणि ती गुपकन आत जायची. आत गेली की वरून पट्टा. त्यांनी शिकवलं तसं."

"त्या दिवशी?"

बाईंनी विचारलं खरं, पण उत्तर यायच्या आधीच त्यांना ते कळलं होतं, आणि ते ऐकायला लागू नये असं वाटत होतं.

"त्या दिवशी जातच नव्हती. कडक झाली होती. गुडगुडही नाही. रात्रीपर्यंत बरी होती, पहाटे उठले ते पोट धरूनच. उलट्याही झाल्या. मी म्हटलं, आज राहू द्या. तर म्हणाले, काम अडलंय, बांध तशीच. घट्ट बांध, म्हणजे दुखणार नाही. मग मी पाठीला गुडघा लावला आणि ओढला." तिनं हवेत ओढून दाखवलं. "चांगला घट्ट बसला. तसेच गेले कामाला."

बाहेर दोरीवर पट्टा वाऱ्यानं हलत होता. अडकलेल्या आतड्यावर आख्खी सकाळ आवळलेला तो पट्टा. त्याच अंगानं तो यंत्रावर उभा राहिला, दुपारी सहन होईना म्हणून सायकलवर घरी निघाला, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर हँडल सुटलं.

"बाई," ती म्हणाली, "पट्टा होता म्हणून एवढे दिवस तरी निभावलं ना त्यांचं?"

सर्जनबाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि सगळा संपवला. मग "येते" म्हणाल्या आणि निघाल्या.

५

त्यांनी ठरवून टाकलं होतं. पट्ट्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. हर्निया जुना होता, आतडं आधीच मेलं होतं, डॉक्टरचा शब्द आहे, बस झाला.

इन्स्पेक्टरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मूर्ख नव्हता तो, आळशी होता. "जुना होता हे मानलं, मॅडम. तुमची लॅब सांगेल, थोरला भाऊही आता कबूल करेल. पण सरकारी वकील उठून काय म्हणेल? हर्निया होता जुना, छान चालला होता, व्हॅनच्या धडकेनं त्यात आतडं अडकलं. मग?"

"काळं पडायला वेळ लागतो."

"किती? नक्की आकडा सांगाल? कुणाचं तीन तासांत पडतं, कुणाचं दहा तासांत, असं दुसरा डॉक्टर येऊन सांगणार नाही?"

सांगेल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. फी घेऊन सांगेल.

"तुमचे भूलवाले म्हणतात, सकाळपासून उलट्या. उलट्या काय, शिळं खाल्लं तरी होतात. गाठ सकाळीच अडकली होती, हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं हवं. हातानं चाचपलेलं हवं. आहे असं कोणी? नसेल तर व्हॅनवाला गेला."

आहे, असं बाई म्हणाल्या नाहीत. त्या हाडांच्या वॉर्डावरून मुद्दाम गेल्या नाहीत. तरी दारातून तो दिसलाच. प्लास्टरचा हात छातीवर, बेडीचा हात लोंबता, डोळे छताला.

दुपारी त्या पुन्हा सुताराच्या घरी होत्या.

"साक्ष? देईन की," सुताराची बायको म्हणाली. "खरं ते सांगायला काय जातंय? त्या माणसाचा दोष नसेल तर सुटू दे बिचारा. सकाळी गाठ आत जात नव्हती, मी तशीच बांधली. एवढंच ना?"

तिला तसंच नेता आलं असतं. बाईंच्या मनात ते येऊन गेलं, खोटं कशाला बोला. पण मग चार माणसांपुढं तो वकील तिला विचारणार, आणि आपण काय केलं हे तिला एका परक्याच्या तोंडून, उलट तपासणीत कळणार. बाईंनी आयुष्यात पुष्कळ माणसांना पुष्कळ वाईट बातम्या दिल्या होत्या. सगळ्या उभ्यानं, दोन वाक्यांत. आज त्या खाली, तिच्याशेजारी बसल्या.

"गाठ आत गेली नव्हती, म्हणजे आतडं अडकलं होतं. त्याचं रक्त आधीच कमी झालं होतं. वरून पट्टा आवळला, त्यानं उरलंसुरलंही थांबलं. व्हॅन त्यांना लागलीच नव्हती."

तिला समजायला वेळ लागला. आधी ती नुसती मान हलवत राहिली. मग मान थांबली. तिनं स्वतःचे दोन्ही हात मांडीवर पालथे घातले आणि त्यांच्याकडे बघत बसली.

"पट्टा बांधला नसता तर?"

"तरी ऑपरेशन लागलंच असतं. वाचलेही असते कदाचित. मला ठाऊक नाही." हे अगदी खरं होतं, आणि बाईंना त्या खरेपणाची किळस आली. "त्यांनी सांगितलं म्हणून तुम्ही बांधलात. थोरल्यानं झाकण काढलं, यांनी गाठ लपवली, मला तोंडावर व्हॅनची म्हणाले. तुमच्या एकटीवर येत नाही हे."

"हात माझे होते ना पण," ती म्हणाली.

मग ती उठली. तोंड धुतलं, केस नीट केले, दोरीवरचा पट्टा काढून घडी घातला आणि पिशवीत ठेवला. दाराला कुलूप लावताना तिनं मागं न बघता विचारलं, "पाठीला गुडघा लावला होता, तेही सांगायचं का?"

सर्जनबाईंना नको म्हणायचं होतं. "सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "किती घट्ट होता, ते त्यावरूनच कळतं."

चौकीत थोरला आधीच येऊन बसला होता. त्यानं भावजयीकडे पाहिलं नाही. तिनं पट्टा टेबलावर ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, पहाटेच्या उलट्या, कडक गाठ, न झालेली गुडगुड, सगळं. गुडघ्यापाशी आली तेव्हा लिहून घेणारा शिपाई मान वर करून म्हणाला, "थांबा, पेन चालत नाहीये. हे शेवटचं पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं.